हिरव्या बादलीतली ज्वारी

शुक्रवारी दुपारी बोरशांच्या घरी एक हिरवी आणि एक निळी अशा दोन कोऱ्या करकरीत बादल्या आल्या, आणि तिथूनच सगळं बिघडलं. तसा बादल्यांचा काही दोष नव्हता. जाड प्लास्टिक, घट्ट बसणारं झाकण, हाताला न रुतणारी दांडी. आणि तेच तर चुकलं, असं पितांबर नाना बोरसे आजही म्हणतात. फुकटची वस्तू इतकी चांगली द्यायचीच कशाला? जरा तडकलेली दिली असती तर पुढचं महाभारत टळलं असतं.

योजनेचं नाव होतं ‘निर्मळ कोपरा’. सोमवारपासून रोज सकाळी सातला गाडी देवपूरच्या अमृतबन कॉलनीत येणार, हिरव्या बादलीतला ओला कचरा नेणार, पांझरा नदीच्या अंगाला बांधलेल्या शेडमध्ये त्याचं खत करणार आणि पावसाळ्यात तेच खत घरोघर वाटणार. निळी बादली सुक्यासाठी. दोन्ही बादल्यांसोबत चार पानी पत्रक होतं.

आता हे पत्रक दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं असतं तर त्यावर भजी निथळली असती. पण नाना पाटबंधारे खात्यात जावक टेबलावरून निवृत्त झालेले. गेल्या पाच वर्षांत त्यांना कोणी साधं परिपत्रक दाखवलं नव्हतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा लाल पेनाने खुणा करत वाचलं. रविवारच्या प्रशिक्षणाला ते सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या रांगेत बसले आणि दोन प्रश्न विचारले. त्यातला एक अंड्याच्या टरफलांबद्दल होता, आणि नानांच्या सात पिढ्यांत कोणी अंडं खाल्लेलं नाही. शेवटी ‘कॉलनीचा समन्वयक कोण होणार?’ असं विचारल्यावर सभागृहात जी शांतता पसरली तिचा नानांनी सन्मानाने स्वीकार केला. छातीवर हिरवा बिल्ला लावून ते घरी आले, आणि जेवतानासुद्धा तो काढला नाही.

घरात मात्र योजना त्यांनी शुक्रवारीच लागू केली होती. “मंजुळे, नीट ऐक. यापुढे ओलं म्हणून जे काही निघेल ते सगळं हिरव्या बादलीत.”

“बरं,” मंजुळाबाई म्हणाल्या.

अडतीस वर्षांच्या संसारानंतर ‘बरं’ या शब्दाचा अर्थ नवऱ्याला कळायला हवा. नानांना तो अजून कळलेला नाही. मंजुळाबाई दोंडाईच्याच्या. कोऱ्या बादलीत पहिल्या दिवशी कांद्याची सालं टाकायची, हे त्यांच्या मनाला शिवणंसुद्धा शक्य नव्हतं. त्यांनी बादली चिंचेने घासली, उन्हात पालथी घातली, हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि तिच्यात पाच किलो ज्वारी भिजत घातली. घरातली सालं-देठं गेली मागच्या दाराने शेजारच्या चुडामण आबांच्या शेळीकडे, नेहमीप्रमाणे.

ज्वारी बिबड्यांची होती. बिबडे म्हणजे काय हे खानदेशात सांगायची गरज नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. ज्वारी तीन दिवस भिजवायची, चांगली आंबू द्यायची, मग वाटून, तीळ-जिरं-लसूण-मिरची घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची. तो घाटा थापून वाळवला की बिबडे. पण खरी मजा वाळवण्यात नसते. खरी मजा पातेल्याशेजारी बसून, गरम घाट्यावर कच्चं तेल ओतून, बोटं भाजत खाण्यात असते. आणि नाना-मंजुळाबाईंची एकुलती एक मुलगी भूमिका सातवा महिना लागून नाशिकहून सोमवारी पहिल्यांदाच माहेरी येत होती. “आई, मला साडी नको, ओटी-बिटी नंतर बघू,” तिने फोनवर सांगितलं होतं. “मला फक्त गरम घाटा पाहिजे. रोज स्वप्नात येतो गं.” बोलता बोलता ती चक्क रडली होती. फोन स्पीकरवर होता, म्हणून नानांनीही ऐकलं आणि त्यांचेही डोळे ओले झाले. फक्त त्या घाट्याची ज्वारी कुठे भिजते आहे, हे विचारण्याचं त्यांना सुचलं नाही. तो बायकांचा विषय.

शनिवारी मोरीशेजारून आंबूस वास यायला लागला. नानांनी पत्रक उघडलं. ‘आंबूस वास येणे हे प्रक्रिया सुरू झाल्याचे लक्षण आहे.’ त्यांच्या अंगावर काटा आला. आपल्या घरात प्रक्रिया सुरू झाली! रविवारी त्यांनी अंधाऱ्या कोपऱ्यात वाकून झाकण बोटभर उचललं. आत पांढरा फेस. पत्रकात तेही होतं : ‘पांढरा थर दिसल्यास घाबरू नये.’ नाना घाबरले नाहीत, उलट शेजारच्या चुडामण आबांना दाखवायला घेऊन आले.

चुडामण आबा मूळचे पिंपळनेरचे, मुलाच्या नोकरीपायी कॉलनीत येऊन पडलेले. त्यांनी नाक फुगवून वास घेतला. “नाना, असा वास तर बिबड्याच्या ज्वारीला येतो.”

नाना मोठ्याने हसले. “आबा, हे विज्ञान आहे!”

आबा आपल्या घरी निघाले. ज्याच्या छातीवर बिल्ला आहे त्याच्याशी कोण वाद घालणार?

सोमवारी सकाळी पावणेसातला मंजुळाबाई मोठं पातेलं आणायला आबांच्या घरी गेल्या. जाताना दोन बायकांनाही हाक मारायची होती. इकडे नानांनी आंघोळ केली, बिल्ला लावला, हिरवी बादली दोन्ही हातांनी उचलून फाटकाबाहेर ठेवली आणि तिच्याशेजारी उभे राहिले. बादली भलतीच जड होती. तीन दिवसांत दोन माणसांचा एवढा कचरा? नानांना संशय आला नाही, अभिमान वाटला.

गाडी आली. मागे उभी असलेली, कचरा गोळा करणारी कनीजबी खाली उतरली. हातात मोजे, तोंडाला ओढणी. तिने झाकण उचललं, वास घेतला आणि थबकली. मोजा काढून बोट आत घातलं.

“नाना, हे कचरा नहीं है. ज्वार है इसमें, भिजवलेली. काकूंना बोलवा ना.”

आता इथे नानांनी आत हाक मारली असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण कॉलनीचा समन्वयक, योजनेचा पहिला दिवस, समोरच्या घरातला हितेंद्र गॅलरीतून मोबाईलवर चित्रीकरण करतोय, आणि कचरागाडीवरची बाई सांगणार की कचरा कोणता?

“बाई,” नाना घसा साफ करून म्हणाले, “तुमचं प्रशिक्षण झालेलं दिसत नाही. हा ओला कचरा आहे. मी स्वतः तपासलाय. पत्रक वाचा, पान तीन. घेऊन जा!”

कनीजबीने एकदा नानांकडे बघितलं, एकदा बादलीकडे. मग बादली उचलून गाडीत ठेवली, गाडीतली दुसरी रिकामी हिरवी बादली फाटकाशी टेकवली आणि गाडी निघून गेली. हितेंद्रने वरून अंगठा दाखवला. नानांनी हात हलवला. काय दिमाख होता त्या हात हलवण्यात!

दहा मिनिटांनी मंजुळाबाई डोक्यावर पातेलं घेऊन आल्या आणि सरळ मोरीकडे गेल्या. तिथून काहीच आवाज आला नाही. नानांना तीच गोष्ट पहिल्यांदा खटकली. मग त्या बाहेर आल्या, पातेलं तसंच डोक्यावर.

“बादली कोठे शे?”

मंजुळाबाई घरात शुद्ध मराठी बोलतात. अहिराणीवर आल्या की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

“दिली की गाडीत. ओला कच—”

“मन्ही ज्वारी व्हती तिनामा!”

नाना फाटकाचा गज धरून उभे राहिले. ज्वारी! म्हणजे ती प्रक्रिया... तो पांढरा थर... आणि ती बाई सांगत होती, बोट घालून सांगत होती! अरे देवा! नानांना दरदरून घाम फुटला. अजून आठही वाजले नव्हते, तेव्हा तो काही उन्हाचा घाम नव्हता.

“बठ्ठी गयी?” सगळीच्या सगळी गेली का, असं विचारत मंजुळाबाईंनी पातेलं खाली ठेवलं. “पोरगी अकरा वाजता येस. तिले काय सांगू मी? तुना बापनी कचरामा टाकं म्हणू?” आणि त्या पायरीवर मटकन बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी बघून नानांना वाटलं, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नवी ज्वारी भिजवायला तीन दिवस. भूमिका दोनच दिवस राहणार.

“मी आणतो,” नाना म्हणाले. “अकराच्या आत आणतो. लेखी आणतो!”

लेखी कशाला, हे त्यांनाही माहीत नव्हतं. तोंडातून निघून गेलं. कनीजबी काय म्हणाली होती, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते गिळून टाकलं आणि स्कूटरला किक मारली. चुडामण आबा न विचारता मागे बसले. वरून हितेंद्र ओरडला, “नाना, आधी ऑनलाइन तक्रार टाका! टोकन नंबर घेतल्याशिवाय जाऊ नका!” नानांनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या टोकन नंबराकडे पाठ फिरवली.

गाडीच्या मागे सरळ शेडवर जावं, हे कोणाही शहाण्या माणसाला सुचलं असतं. आबांनाही सुचलं, त्यांनी तसं दोन चौकांत दोनदा सांगितलं. पण छत्तीस वर्षं जावक टेबलावर काढलेला माणूस हुकमाशिवाय कुठली वस्तू हलवत नाही. नाना गेले योजनेच्या कक्षात. कक्ष दहाला उघडला, तोवर दोघे व्हरांड्यात बसून राहिले. बाहेरच्या भिंतीवर पाटी होती : ‘कृपया मोबाईल बंद ठेवावा.’ आत, बाहेर, व्हरांड्यात दुसरं चिटपाखरू नव्हतं, तरी नानांनी आठच्या सुमारास, पोचताक्षणीच मोबाईल बंद केला होता.

पर्यवेक्षक भूषण तिशीतला, अत्यंत नम्र मुलगा होता. नम्र माणसं कार्यालयात फार वेळ खातात.

“बसा काका. काय गेलंय?”

“ज्वारी. पाच किलो, भिजवलेली.”

“ज्वारी आमच्याकडे येत नाही, काका. आमच्याकडे ओला कचरा येतो.”

“पण तुमच्या गाडीत ज्वारीच गेली आहे!”

“गाडीत आली की तो ओला कचराच.” भूषणने हळुवारपणे रजिस्टर फिरवून दाखवलं. “हे बघा. घर क्रमांक सत्तावीस, ओला कचरा, एक बादली. ज्वारी परत द्या म्हणालात तर ज्वारी आलीच नाही, मग परत काय देऊ? ओला कचरा मागितलात तर तो आलाय. त्याचा अर्ज घेता येईल.”

“अहो, पण तो कचरा नव्हता!”

“मग हिरव्या बादलीत ठेवलात कशाला?”

असा प्रश्न छत्तीस वर्षं नानांनी लोकांना विचारला होता, आज त्यांना कोणी विचारत होतं. मागून आबा म्हणाले, “पोरा, ज्वारी परत दे, उगा शब्दांचा कीस काढू नको.” भूषणने आबांनाही पाणी दिलं.

“अर्जात ज्वारी हा शब्द कुठेही नको,” तो म्हणाला. “कारण लिहावं लागेल. कशासाठी हवाय?”

“मुलीला खायचंय,” नाना कासावीस होऊन म्हणाले. “सातवा महिना आहे तिचा.”

“अरे वा, अभिनंदन! मग ‘तातडीचे’ असा शेरा मारता येईल.” भूषणने कागद पुढे केला आणि मजकूर सांगायला सुरुवात केली. नाना लिहीत गेले. काय लिहितोय याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. घड्याळाकडे होतं, आणि सांगितलेलं लिहून काढायची हाताला जन्माची सवय. खाली सही, आवक शिक्का, त्याखाली ‘एक बादली परत द्यावी’ असा आदेश, मग जावक शिक्का. जावक शिक्का मारणारा बाहेर गेला होता, तो आला साडेअकराला. अकराची वेळ कक्षातच टळली. भूमिका घरी पोचली असेल. दारात उभी राहून म्हणत असेल, आई, वास का येत नाही गं घाट्याचा?

शेडवर पोचले तेव्हा सव्वाबारा झाले होते. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीचं ऊन. आणि समोर, अख्ख्या देवपूरचा पहिल्या दिवसाचा ओला कचरा! कमरेइतका ढीग. टरबुजाची सालं, केळीची सालं, कोणाची आंबलेली कढी, उसाचं चिपाड. नाना ढिगाकडे बघतच राहिले. या ढिगात माझ्या लेकीचा घाटा! त्यांनी काठी घेतली, आदेश खिशात ठेवला आणि चप्पल काढून ढिगात पाय घातला. आबांनी नुसते डोळे मिटले.

अर्धा तास उपसूनही ज्वारीचा एक दाणा निघाला नाही. शेडवरच्या माणसाला गाडीवरच्या बाईबद्दल विचारलं, तर कनीजबी फेरी संपवून केव्हाच घरी गेली होती. त्याने नानांचा आदेश दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्याच्या कपाळावर आठ्या आल्या, त्याने एकदा नानांकडे चमकून पाहिलं, मग खांदे उडवले. ‘एक बादली परत द्यावी’ असं लिहिलं होतं. त्याने फावडं घेतलं, एक हिरवी बादली ढिगातून गच्च भरली आणि नानांपुढे ठेवली.

“घ्या. इथे सही करा.”

“हे माझं नाही!” नाना किंचाळले.

“आदेशात एक बादली ओला कचरा आहे. हा एक बादली ओला कचरा आहे. नको असेल तर परत ‘नको’चा आदेश आणा.”

पुन्हा कक्षात जायचं, पुन्हा जावकवाला शोधायचा... नानांनी सही केली. मग भर दुपारी, एका जुन्या स्कूटरवर, पुढे बिल्ला लावलेला, पोटऱ्यांपर्यंत कढीने माखलेला समन्वयक आणि मागे मांडीवर लोकांचा कचरा घेऊन बसलेले चुडामण आबा, अशी वरात देवपुरातून निघाली. ओळखीचे तीन जण भेटले. तिघांनीही नमस्कार केला नाही, नुसते बघत राहिले.

कॉलनीच्या वळणावर नानांना वास आला. लसूण, तीळ, मिरची, आणि खाली आंबूस, ऊनऊन... आता आपल्याला भास व्हायला लागले, त्यांनी मनाशी म्हटलं. फाटक उघडलं, आणि त्यांच्या हातून स्कूटरच निसटायची राहिली.

अंगणात कडुलिंबाखाली चूल पेटली होती. चुलीवर मोठं पातेलं होतं. त्याभोवती बायका बसल्या होत्या. खाटेवर पाय पसरून भूमिका बसली होती, एका हातात ताटली, दुसऱ्या हाताची बोटं तेलाने लडबडलेली, आणि तोंडात एवढा मोठा घास. आणि पातेल्यात लाकडी पळी फिरवत होती कनीजबी!

“नाना!” भूमिका भरल्या तोंडाने ओरडली. “कुठे होता? अकरा फोन केले तुम्हाला!”

नानांनी खिशातला मोबाईल काढून बघितला. बंदच होता.

“मी साडेआठला आणली बादली,” कनीजबी म्हणाली. “गाडीत पुढे ठेवली होती, ड्रायव्हरच्या बाजूला. अनाज आहे, कोण फेकणार? आमच्या घरी पण बनतात ना बिबडे. तुम्ही तर निघून गेले होते, नाना.” आणि मग, अगदी सहज, पळी न थांबवता, “मी तर सकाळीच बोलली होती, ज्वार है करके. तर नाना म्हणाले, पत्रक वाचा, पान तीन.”

बायकांमध्ये हसू फुटलं. भूमिकाला ठसका लागला. मंजुळाबाई हसल्या नाहीत. त्यांनी हळूच मान वळवली आणि नवऱ्याकडे बघितलं. नानांना वाटलं, परत जाऊन त्या ढिगात बसावं.

“सांगं व्हतं तिनी?” मंजुळाबाईंनी विचारलं. “आणि तुम्ही तरी बी दी टाकी?”

नानांनी मान खाली घातली. काहीतरी बाजू मांडायला हवी होती. आपण स्वस्थ बसलो नव्हतो, ऊन-तहान बघितली नाही, हे निदान कळायला हवं. त्यांनी खिशातून तो घडी घातलेला, दोन शिक्क्यांचा कागद काढला आणि पुढे केला. “लेखी आणलंय,” ते पुटपुटले.

मंजुळाबाईंनी चष्मा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली. सातवीपर्यंत शिकलेल्या, पण वाचन स्पष्ट.

“विषय : ओला कचरा परत मिळणेबाबत. महोदय, माझ्या पत्नीने तीन दिवस परिश्रम घेऊन घरी तयार केलेला उच्च प्रतीचा ओला कचरा...”

त्या थांबल्या. नाना डोळे विस्फारून बघत राहिले. हे आपण लिहिलं? या हाताने?

“...नजरचुकीने आपल्या गाडीत गेला आहे. माझी मुलगी गर्भवती असून तिला सदर कचरा खाण्याची तीव्र इच्छा आहे. आमच्या घरी दर उन्हाळ्यात सर्वजण हाच कचरा आवडीने खातो. तरी तो तातडीने परत मिळावा, ही नम्र विनंती. आपला विश्वासू, पितांबर बोरसे.”

मंजुळाबाईंनी कागदाची घडी घातली. त्यांची नजर नानांच्या बिल्ल्यावरून पोटऱ्यांवर गेली, पोटऱ्यांवरून आबांच्या हातातल्या बादलीवर गेली, आणि तिथून परत नवऱ्याच्या चेहऱ्यावर आली. एक ताटली घेतली. पातेल्यातला वाफाळता घाटा तिच्यात काढला, वर तेलाची धार सोडली. त्यांचे खांदे हलत होते. नानांना कळेना, रडतायत की काय.

“हात धुई या,” त्या कशाबशा म्हणाल्या. “तुमले बी देस, थोडासा कचरा.”